सिग्नलला बंद पडणारी जुनी मारुती : कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी नळ्या तपासा

नागपूरच्या व्हरायटी चौकात लाल दिवा लागला की गाडी थरथरायला लागते. रेसवरचा पाय काढला की विझते. मागचे हॉर्न वाजवतात, आपण सेल्फ मारत बसतो, आणि एकदा का धावायला लागली की जणू काही झालंच नव्हतं.

माझी गाडी १९९८ ची मारुती ८००, एसीवाली, एमएच-३१ पासिंगची. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग). बाबांनी नवी घेतली होती, आता मी चालवते. हा दोष, म्हणजे इंजिनची ओढ नेणाऱ्या रबरी (व्हॅक्यूमच्या) नळ्यांची गडबड, मी या गाडीत चारदा काढलाय, आणि ओळखीच्यांच्या एका ओम्नीत, एका झेनमध्ये आणि दोन ८०० मध्येही. मी मेकॅनिक नाही. चारदा का काढावा लागला, तर पहिल्या तीन वेळा मी तो अर्धवट काढला होता. कंपनीला यात बोल लावण्यासारखं काही नाही. पंचवीस-सत्तावीस उन्हाळे काढलेलं रबर आहे ते.

लक्षणं

- आयडलिंगला (रेस न देता उभ्या गाडीत इंजिन चालू असताना) रेस वर-खाली होते, इंजिन हलतं, मिसिंग वाटतं. चाळीसच्या वर पळताना सगळं ठीक.
- एसीचं बटण दाबलं की इंजिन बसतं.
- सकाळी थंड इंजिन चोकशिवाय (हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारा खटका) धरत नाही, आणि चोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. डिसेंबरात, पारा आठ-दहावर आला की जास्तच.
- बोनेट उघडलं की बारीक 'सूंऽऽ' असा आवाज, कुकरची शिटी अर्धवट बसल्यासारखा.
- रेस झटकन दिली की कार्ब्युरेटरच्या तोंडातून 'फट्'.
- पिकअप मेला, अ‍ॅव्हरेज उतरलं, पण आयडलिंग बरं आहे. (हे वेगळं प्रकरण, पुढे येतं.)
- ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट. हे ज्या गाडीला बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) आहे तिच्यात. यातलं बाकी काही असलं तर गाडी आठवडाभर तशी चालवता येते, हे असलं तर नाही. गाडी तिथंच उभी करा.

यातली दोन-तीन जुळली की मी आधी नळ्यांकडे जाते.

उन्हाळ्यातला एक फसवा प्रकार

मे महिन्यात नागपुरात अर्ध्या जुन्या गाड्या बंद पडतात त्या नळीमुळे नाही, पेट्रोल उकळल्यामुळे. दुपारी दोनला सीताबर्डीला गाडी लावली, पंधरा मिनिटांनी आलात आणि ती धरेना, बोनेट उघडून अर्धा तास ठेवल्यावर मात्र चालू झाली, तर ते कार्ब्युरेटरमधलं आणि पाइपातलं पेट्रोल वाफ होणं आहे. फरक ओळखणं सोपं आहे : वाफेचा त्रास फक्त तापल्यावर होतो, नळी फुटली असेल तर सकाळी सहालाही होतो. उलट थंडीत रबर आखडतं, फट मोठी होते, आणि इंजिन तापलं की तेच रबर थोडं फुगून फट झाकतं. म्हणून सकाळी रडणारी गाडी मेकॅनिककडे पोचेपर्यंत शहाणी होते आणि आपण खोटे ठरतो.

स्क्रूला आधी हात का लावायचा नाही

इंजिन मुळात हवा ओढणारा पंप आहे. आयडलिंगला थ्रॉटलची (रेसच्या पेडलने उघडणारी) पट्टी जवळजवळ मिटलेली असते, पिस्टन मात्र ओढत असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या फाटेदार पाइपात) हवा विरळ होते. या ओढीवर गाडी बरीच फुकटची कामं करून घेते : डेल्कोचं (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) टायमिंग पुढे सरकवणं, ब्रेकला जोर देणं, इंजिनातला धूर परत जाळायला घेणं, एसी लावल्यावर रेस सावरणं. प्रत्येक कामाला एक नळी जाते, काहींना मध्ये व्हॉल्व्ह असतो.

नळी चिरली की त्या चिरेतून हवा आत घुसते, आणि ही हवा कार्ब्युरेटरला न विचारता आलेली असते. तिच्याबरोबर पेट्रोल येत नाही. आयडलिंगला इंजिन एकूणच इतकी थोडी हवा घेतं की तेवढीशी चीरही मिश्रण पातळ करून टाकते. रेस दिली, पट्टी उघडली, की मॅनिफोल्डमधली ओढ कमी होते आणि मुख्य वाटेने इतकी हवा येते की चिरेतली हवा हिशोबातही राहत नाही. पळताना चांगली आणि उभी राहिली की वाईट, असं होतं ते यामुळे.

आता गॅरेजमध्ये काय होतं पाहा. पहिल्यांदा मी गाडी ज्यांच्याकडे नेली त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पेचकस काढला. मिक्स्चरचा स्क्रू बाहेर घेतला, म्हणजे पेट्रोल वाढलं. स्लोचा स्क्रू आत घेतला, म्हणजे पट्टी उघडीच राहायला लागली. गाडी शांत. मी पैसे दिले. पंधरा दिवसांत चीर थोडी वाढली आणि पुन्हा तेच. मग प्लग बदलले, मग कार्ब्युरेटरचं किट टाकलं. अ‍ॅव्हरेज अठरावरून तेरावर आलं आणि पीयूसीला गाडी नापास झाली. २००० सालाआधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि चोरटी हवा झाकायला पेट्रोल वाढवलं की ती हमखास ओलांडते.

शेवटी सक्करदऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी बोनेट उघडलं, पाच सेकंद कान दिला आणि दोन बोटांनी एक नळी चिमटली. इंजिन सरळ झालं. "ताई, गाडी हवा खाऊन राहिली. कार्ब्युरेटरले कायले मारता?"

तपासण्या, फुकटपासून महागाकडे

सुरुवातीला मोबाइलवर इंजिनचे चार बाजूंनी फोटो काढा. नळ्या काळ्या, सारख्या दिसणाऱ्या असतात, आणि दोन काढल्या की तिसरी कुठली होती ते आठवत नाही. मी प्रत्येकीला चिकटपट्टीचा तुकडा लावून नंबर घालते. ओढणी, पदर, सैल केस आवरून घ्या. ८०० ला रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो सांगून सुरू होत नाही.

*चोक.* ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच होतं हे. इंजिन गरम असताना, आयडलिंगला थरथरत असताना, चोक अगदी थोडा ओढा. इंजिन सावरलं तर मिश्रण पातळ आहे : एक तर हवा जास्त येतेय किंवा पेट्रोल कमी. चोकने आणखी गुदमरलं, काळा धूर आला, तर नळ्यांचा नाद सोडा, दोष दुसरीकडे आहे. या एका खटक्याने निम्मं काम होतं आणि बोनेटही उघडावं लागत नाही.

*डोळे आणि नख.* इंजिन बंद आणि थंड. प्रत्येक नळी हातात घेऊन वाकवा. मधला भाग नंतर, आधी टोकाचे दोन सेंटिमीटर बघा. टोक आयुष्यभर निपलवर (नळी जिच्यावर चढते ती छोटी नळकांडी) ताणून बसवलेलं असतं, म्हणून चीर शंभरात नव्वद वेळा तिथेच जाते. नखाने दाबल्यावर रबर परत यायला हवं. नखाची खूण तशीच राहिली किंवा कुर्रर्र असा आवाज आला तर रबर मेलं. माझ्या गाडीतली पहिली चीर निपलच्या बरोबर खालच्या अंगाला होती, वरून नळी अगदी शाबूत. आरसा घाला किंवा मोबाइलचा कॅमेरा खाली धरून फोटो काढा.

नळी लांबीला पुरत असेल तर चिरलेलं टोक अर्धा इंच कापून पुन्हा चढवा. फुकटात गाडी ठीक. पण ही मलमपट्टी आहे, चार महिन्यांची.

आणि रिकामे निपल मोजा. ज्या निपलला काही जोडलेलं नसतं त्यावर रबरी टोपी असते. ती वाळून गळून पडते, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, कारण तिथे नळीच नसते. ओम्नीतला दोष हाच होता. तीन गॅरेज झाली होती. उंदीर आणि खारीही विसरू नका. गाडी कडुनिंबाखाली महिनाभर उभी असेल तर दातांच्या खुणा शोधा.

*कान.* इंजिन चालू. मीटरभर नळीचं एक टोक कानाजवळ, दुसरं टोक एकेका जोडावरून फिरवा. गळतीपाशी आवाज एकदम मोठा होतो. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून नळी लांब. शेजारची पोरं हसतात, हसू द्यावं.

*चिमटा.* उस्तादांनी केलं तेच. नळी मॅनिफोल्डच्या जवळ, बोटांनी किंवा कापड गुंडाळलेल्या पक्कडीने दाबा आणि इंजिनचा आवाज ऐका. दाबल्यावर इंजिन सावरलं तर गळती त्या नळीच्या पुढच्या भागात, किंवा ती ज्या व्हॉल्व्हला किंवा डायफ्रामला (ओढीने हलणाऱ्या रबरी पडद्याला) जाते तिथे. काहीच फरक नाही तर ती फांदी निर्दोष, पुढची घ्या. अंदाजाने सहा वस्तू बदलण्याऐवजी दोषी फांदी पाच मिनिटांत हाती लागते. रबर इतकं कडक असेल की चिमटल्यावर फुटेल, तर नळी मॅनिफोल्डकडून काढा आणि निपलवर बोट ठेवा.

एक अपवाद. डेल्कोला जाणारी बारीक नळी बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या पट्टीच्या किंचित वर जोडलेली असते. आयडलिंगला तिच्यात ओढ जवळजवळ नसतेच, म्हणून चिमटून फरक पडत नाही. याचा अर्थ ती चांगली आहे असा नाही.

*डेल्कोची नळी आणि डायफ्राम.* 'पिकअप मेला, अ‍ॅव्हरेज उतरलं, पण आयडलिंग बरं' हे लक्षण इथलं. रेस अर्धवट दिलेली असताना पातळ मिश्रण हळू जळतं, म्हणून ठिणगी आधी पडावी लागते, आणि ते काम ही नळी करते. ती फाटली की गाडी चालते, फक्त जड चालते. वर्धा रोडवर ऐंशीने जाताना कळत नाही. सेमिनरी हिल्सचा चढ चढताना तिसऱ्या गिअरची दुसऱ्यात आणावी लागली की समजा.

तपासायला औषधाच्या दुकानातून पन्नास मिलीची सिरिंज आणा, सुईशिवाय. डेल्कोचं झाकण काढा, नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून सिरिंजच्या तोंडाला घट्ट बसवा आणि दट्ट्या ओढा. आतली प्लेट थोडी फिरलेली दिसेल. दट्ट्या तसाच धरून वीसपर्यंत आकडे मोजा. प्लेट जागेवर राहिली तर नळी आणि डायफ्राम दोन्ही ठीक. लगेच परत आली तर सिरिंज थेट डायफ्रामला जोडून पुन्हा करा. आता राहिली तर नळी दोषी, नाही राहिली तर डायफ्राम फाटला. पूर्वी हे तोंडाने ओढून करायचे. करू नका, पेट्रोलची वाफ फुप्फुसात जाते.

एसीच्या रेसवाल्या डायफ्रामलाही हीच सिरिंज चालते. दट्ट्या ओढला की तिथली काडी हलायला हवी. काडी हलते, पण एसी लावल्यावर हलत नाही, तर मधला विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह किंवा त्याची वायर. माझ्याकडे तर नुसता प्लग सैल होता.

*पीसीव्ही.* इंजिनाच्या पोटातला धूर मॅनिफोल्डकडे नेणारी नळी, आणि गाडीला असेल तर तिच्यातला व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, आतली गोटी खडखड वाजली पाहिजे. वाजली नाही तर काजळी आणि तेलाने चिकटला आहे. उघडा चिकटला तर ती मोठी गळतीच. बंद चिकटला तर आयडलिंगला फरक पडत नाही, पण आतला दाब बाहेर वाट शोधतो, एअर क्लीनरमध्ये ऑइल येतं आणि सील पाझरायला लागतात. खडखड वाजला म्हणजे चांगलाच असंही नाही, स्प्रिंग मेलेली असू शकते. इंजिन चालू असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवून ओढ लागते का आणि इंजिनचा सूर किंचित बदलतो का, तेही बघा.

*बूस्टरचा एकतर्फी व्हॉल्व्ह.* गाडी आयडलिंगला हलते आणि ब्रेक दाबला की आणखी हलते. हे बूस्टरचं पक्कं लक्षण. तीन पायऱ्यांत कळतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होतं. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा, पेडल पायाखाली किंचित खाली जायला हवं. नाही गेलं तर बूस्टरपर्यंत ओढ पोचत नाही. तिसरं : इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग पेडल दाबा. पहिला दाब मऊ लागला पाहिजे, कारण व्हॉल्व्हने ओढ आत कोंडून ठेवलेली असते. तोही घट्ट लागला तर व्हॉल्व्ह, नळी किंवा खुद्द बूस्टर गळतो.

व्हॉल्व्ह काढून फुंकून बघता येतो. बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा पार जावी, इंजिनच्या बाजूने फुंकलं तर अडावी. दोन्हीकडून गेली तर फेकून द्या. शेजारच्या काकांच्या झेनचा व्हॉल्व्ह चांगला निघाला, पण कुणीतरी उलटा बसवला होता! नळी बदलताना झालेली चूक, आणि दोन महिने काका जोर लावून ब्रेक मारत होते.

*साबणाचं पाणी.* नळ्या सगळ्या ठीक, तरी चोकने सावरते? मग गळती पॅकिंगमध्ये असेल : कार्ब्युरेटरखालच्या किंवा मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधल्या. फवारणीच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्या आणि आयडलिंगला जोडांवर थोडं थोडं मारा. फट असेल तिथे पाणी आत ओढलं जातं, क्षणभर फट बुजते आणि सूर बदलतो. डेल्को आणि प्लगच्या वायरींवर उडू देऊ नका, नाहीतर सूर त्याने बदलेल आणि तुम्ही भलतीकडे जाल. बरेच जण इथे कार्ब्युरेटर क्लीनर मारतात किंवा चक्क पेट्रोल शिंपडतात. तापलेला एक्झॉस्ट वीतभर अंतरावर असतो. मी हे एकदा केलंय, आणि भप्प करून उठलेली ज्योत गोणपाटाने विझवलीये. परत नाही.

पॅकिंगपाशी सूर बदलला तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर नट-बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे कसा. एकाच बाजूने कसून आवळलं तर ॲल्युमिनियमचा फ्लँज (जोडाची सपाट कडा) वाकतो आणि दहा रुपयांच्या पॅकिंगचं काम लेथवाल्याकडे जातं.

*व्हॅक्यूम गेज.* ओढ मोजणारं मीटर. हे पैशाचं काम, पण वर सांगितल्यात निकाल लागला नाही तर घ्याच. मॅनिफोल्डच्या निपलला जोडायचं. पुस्तकात समुद्रसपाटीला आयडलिंगचं रीडिंग पाऱ्याचे १७ ते २१ इंच असं असतं, आणि दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच वजा करायचा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, म्हणजे हजार फुटांवर आहे. आपल्याला १६ ते २० चालेल. माझ्या गाडीत आधी १३ होतं, नळ्या बदलल्यावर १८. काटा खाली पण स्थिर असेल तर गळती किंवा टायमिंग मागे. काटा ठरावीक तालात एकेकदा आदळत असेल तर हेडमधला एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात काटा चारवाल्यापेक्षा थोडा जास्त थरथरतो, त्याने घाबरू नका.

यातल्या कशालाच इंजिनने दाद दिली नाही, तर गळती नाही. आता कार्ब्युरेटर संशयित. आयडलिंगच्या बारीक जेटमध्ये (पेट्रोलच्या भोकात) कचरा असेल तर लक्षणं हुबेहूब हीच असतात, चोकने सावरण्यापर्यंत. ज्या कार्ब्युरेटरला आयडलचा सोलेनॉइड (विजेने उघडणारा पेट्रोलचा व्हॉल्व्ह) आहे, त्यात चावी ऑन केल्यावर 'टक्' वाजतं का ते आधी ऐका.

नळी कुठली टाकायची

माझा दोष पुन्हा पुन्हा का आला ते इथे. उस्तादांनी शोधून दिलेली नळी मी दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या एका गॅरेजमधून बदलून घेतली. त्यांनी टाकली पारदर्शक नळी. छान बसली, स्वच्छ दिसत होती. ती कूलरची होती. पंपापासून वरच्या जाळीपर्यंत पाणी नेणारी, आपल्या प्रत्येकाच्या बाल्कनीत असते ती. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक दिवस) लागला, बोनेटखाली ती मऊ पडली आणि आतल्या ओढीने चपटी होऊन चिकटली. गाडी थंड झाली की पुन्हा गोल. मी तीन आठवडे तो दोष शोधत होते, कारण बोनेट उघडून हात लावीपर्यंत नळी धुतल्या तांदळासारखी.

नंतर पेट्रोलची नळी टाकून पाहिली. ती चपटी होत नाही, पण आतला व्यास मोठा होता, क्लिप लावूनही निपलवर सैल. तिसऱ्यांदा फक्त फुटलेली तेवढी बदलली, आणि चार महिन्यांत तिची शेजारीण फुटली. एकाच वयाच्या सगळ्या.

आता मी जुने तुकडे कापून, नंबर लावून, सीए रोडवर दुकानात घेऊन जाते आणि निपलवर बसवून बघता येईल असा व्यास निवडते. क्लिपशिवाय जोर लावून चढली पाहिजे. भिंत जाड हवी. दुमडून पाहायची, लगेच मिटली तर नको. डेल्को आणि एसीच्या बारीक नळीला ईपीडीएम रबर किंवा सिलिकॉन चालतं. पीसीव्हीला ही दोन्ही नकोत, तेलाच्या वाफेने ती फुगतात. तिथे तेल सोसणारी नायट्रिल रबराची नळी. बूस्टरला मात्र आतून धाग्याची वीण असलेली, ब्रेक बूस्टरसाठीच म्हणून विकतात तीच, दुसरी कुठलीही नाही. माझ्या गाडीतल्या सगळ्या बारीक नळ्या मिळून दीड मीटरही भरत नाहीत. एकेक बदलत बसण्यात काही अर्थ नाही, सगळ्या एका दुपारी बदला.

चढवताना टोकाला पाण्याचं बोट लावा, ग्रीस किंवा ऑइल नको. जुनी नळी ओढून काढू नका, प्लॅस्टिकचा निपल तुटून हातात येतो. ब्लेडने उभी चीर देऊन सोलून काढा.

मग स्क्रू. आधीच्या कुणीतरी गळती झाकायला फिरवलेले दोन्ही स्क्रू अजून तिथेच आहेत, त्यामुळे नळ्या बदलल्यावर रेस एकदम वाढलेली लागेल. घाबरायचं कारण नाही, काम बरोबर झाल्याची ती खूण. आधी स्लोचा स्क्रू मागे घ्या, मग मिक्स्चर थोडं थोडं आत, इंजिन सर्वांत सरळ चालेल तिथपर्यंत. किती फेरे फिरवले ते लिहून ठेवा. शेवटचा मेळ पीयूसीच्या मशीनवर बसवून घ्या. माझी गाडी १.४ टक्क्यांवर आली.

इथे थांबा

ब्रेकचं पेडल घट्ट आहे, नळी आणि व्हॉल्व्ह बदलूनही तसंच, तर बूस्टर उघडू नका, गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टो करून न्या. हेच डिझेल गाड्यांना. त्यांच्यात ओढ मॅनिफोल्डमधून मिळत नाही, बऱ्याच जुन्या मॉडेलांत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो. तो गेला की ब्रेक जड होतो, आणि ते काम आपलं नाही.

थ्रॉटलचा दांडा बोटाने वर-खाली हलवून बघा. ढिला लागला आणि तिथे साबणाचं पाणी मारल्यावर सूर बदलला, तर दांड्याचं भोक झिजलं आहे. ते लेथवर बुश टाकूनच नीट होतं, आणि ते करणारा जुना कार्ब्युरेटरवाला शोधावा लागतो. घरी डिंक-एम-सील लावू नका. सुटलेला तुकडा थेट सिलिंडरमध्ये जातो.

गेजचा काटा तालात आदळत असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. पॅकिंग कसूनही पाणी ओढत असेल तर फ्लँज सपाट करायला द्या. आणि नळ्यांशी खेळताना पेट्रोलचा ताजा वास आला, कुठे ओलं दिसलं, तर चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा, गाडी ढकलून उघड्यावर न्या आणि फोन करा. सेल्फ मारून बघायचा नाही, एकदाही नाही.